पहिला संशय कोणावर?

दिवाळी अंकासाठी लिहावयास बसलो की पहिली अडचण येते ती विषयाची. फराळ, कंदील, फटाके आणि महागाई ह्या चार विषयांवर ह्या सदरात इतक्यांदा लिहून झाले आहे की पाचव्यांदा लिहिले, तर वाचक चकलीऐवजी मलाच दात लावतील. ह्या वेळी मात्र एका वाचक भगिनीने माझी सुटका केली. त्यांनी पत्रात विचारले आहे : माझा मुलगा दहावीत आहे. इतर मुलांसारखा तो मोबाइलला चिकटून बसत नाही, वाचतो. पण वाचतो काय? तर खून, चोऱ्या आणि हेर! पुस्तक हिसकावून घ्यावे, तर वाचन सुटेल अशी भीती. वाचू द्यावे, तर डोक्यात नको ते शिरेल अशी भीती. काय करावे?

प्रश्न वाचला आणि मला आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचा जिना आठवला. त्या जिन्याच्या सातव्या पायरीवर उजेड चांगला येत असे आणि खालून कोणी येऊ लागले, की पहिल्या पायरीची फळी करकरे. रहस्यकथा वाचणाऱ्याला ह्याहून सोयीची जागा ती कोणती? १९६५-६६ च्या सुमाराची ही गोष्ट. पेठेत एक लहानसे खासगी वाचनालय होते. दर महिन्याच्या वर्गणीत रोज एक पुस्तक बदलून मिळे आणि त्यातली निम्मी तरी पुस्तके बाबूराव अर्नाळकरांची असत. ह्या गृहस्थांनी आयुष्यात हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा धनंजय, त्याचा छोटू, तो झुंझार आणि तो काळा पहाड ही मंडळी आम्हाला सख्ख्या मामापेक्षा जवळची होती.

एके दिवशी झुंझार भूमितीच्या पुस्तकात लपवून वाचत असता वडिलांनी मला पकडले. फळी करकरली होती, पण झुंझार संकटात होता आणि मला ऐकू आले नाही. वडील एक शब्द बोलले नाहीत. पुस्तक घेतले, कोटाच्या खिशात घातले आणि निघून गेले. आठवडाभराने मी भीत भीत वाचनालयात गेलो, तर वाचनालयाचे चालक हसून म्हणाले, "अरे, ते पुस्तक केव्हाच परत आलं! तुझे वडील आले होते. दोन दिवस उशीर झाला म्हणून दंडसुद्धा भरला त्यांनी." पुस्तक जप्त झाल्यावर ते परत करण्याला दोन दिवस उशीर का व्हावा, हे रहस्य वडिलांनी मला शेवटपर्यंत उलगडून सांगितले नाही. मीही विचारले नाही.

तेव्हा त्या भगिनींना उत्तर देण्यास मी काही निःपक्षपाती माणूस नव्हे. म्हणून ठरवले, की आपण बोलण्यापेक्षा ज्यांचा प्रश्न आहे त्यांनाच विचारावे. सहामाही परीक्षा संपल्या आणि आमच्या कोथरूडच्या घरात चार परीक्षक जमले. अकरावीतली आमची नात, आठवीतला तिचा धाकटा भाऊ, मुंबईहून सुट्टीला आलेली माझ्या भाचीची मुलगी (ही दहावीत), आणि शेजारच्या बिऱ्हाडातला बारावीतला मुलगा. लाच म्हणून बटाटेवडे ठेवले होते. विषय मांडला : रहस्यकथांबद्दल तुमचे मत काय?

मला वाटले होते, मुले म्हणतील, "मस्त असतात" आणि वडे संपवून निघून जातील. पण मौजेची गोष्ट अशी, की ह्या वयाची मुले रहस्यकथेच्या बाबतीत जितकी कडक असतात तितका कोणी प्राध्यापक कवितेच्या बाबतीत नसेल.

धाकट्याने सुरुवात केली. त्याचे दैवत म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट आला तेव्हा हा लहान होता. पुस्तकाकडे तो नंतर वळला आणि आता त्याला चित्रपटातला मोठा झालेला फेणे पसंत नाही. का? तर म्हणे, "आजोबा, मोठ्या माणसांच्या गोष्टीतला डिटेक्टिव्ह मुद्दाम चोर शोधायला जातो. फेणे सायकलवरून भलतीकडेच निघालेला असतो आणि अडकतो. आणि तो घाबरतो पण. घाबरत नाही त्याच्या गोष्टीत काय मजा?" हे मत मी लिहून घेतले.

बारावीतल्या मुलाने न्यायाधीशाचा आव आणला. माझ्या आग्रहावरून त्याने अर्नाळकरांची दोन आणि गुरुनाथ नाईकांची दोन पुस्तके वाचली होती. नाईक हे मूळचे गोव्याचे. २०२१ साली ते पुण्यात वारले. त्यांचा कॅप्टन दीप ही एका पिढीची चैन होती. मुलगा म्हणाला, "काका, वेग जबरदस्त आहे. एका बैठकीत संपतं. पण एक फसवणूक आहे. गुप्तहेर खाली वाकतो, काहीतरी उचलतो आणि खिशात टाकतो. काय उचललं ते आम्हाला सांगायचं नाही! आणि शेवटी तेच खिशातून काढून दाखवायचं. मग आम्ही ओळखायचं कसं? हा रडीचा डाव झाला." त्याला आवडतात ते सुहास शिरवळकर. शिरवळकर आपल्या पुण्याचे. १९४८ साली जन्मले, २००३ साली गेले. आज लोक त्यांना 'दुनियादारी'मुळे ओळखतात. पण माझ्या मुलाने कॉलेजात असताना दारा बुलंद आणि फिरोज इराणी ह्यांच्या पायी मेसचे पैसे वाचनालयात घातले होते. ती पुस्तके अजून माळ्यावर आहेत. शेजारच्या मुलाने त्यातला वकील अमर विश्वास उचलला. "कोर्ट असलं की दोन्ही बाजू बोलतात," तो म्हणाला, "आम्हाला निवाडा करता येतो."

मुंबईकर मुलीचा पक्ष निराळा. ती पुस्तक वाचत नाही, ऐकते. रात्री दिवा मालवून, कानाला यंत्र लावून, नारायण धारप! धारपही पुण्याचेच, १९२५ ते २००८. त्यांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा ह्यांवर तिचा जीव. तिचे म्हणणे असे, की खुनी कोण हे कळले की गोष्ट मरते. "भूत डोंगरावरच्या किल्ल्यात असलं तर मला भीती वाटत नाही. आमच्यासारख्या घरात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर ह्यांच्या मधल्या बोळात असलं, की वाटते. आणि शेवटी कुणी समजावून सांगायला लागलं, की चीड येते." ह्यावर बारावीतला उसळला : उत्तर नसलेले गणित म्हणजे गणितच नव्हे! तिने शांतपणे सांगितले, "तुला गणित हवं आहे, मला रात्र हवी आहे." रहस्यकथा आणि गूढकथा ह्यांतला फरक मी अनेक परिसंवादांत ऐकला आहे, इतक्या थोडक्यात नाही.

नात इतका वेळ वडा खात ऐकत होती. ती फेलूदा वाचते. सत्यजित राय ह्यांनी १९६५ साली बंगालीत निर्माण केलेला आणि अशोक जैन ह्यांनी मराठीत आणलेला. त्याच्या जोडीला शरदिंदु बंद्योपाध्याय ह्यांचा ब्योमकेश बक्षी. हा ब्योमकेश १९९३ साली दूरदर्शनवर आला तेव्हा तिचा बाप त्याच्यासाठी धावत घरी येत असे. ती म्हणाली, "मला तो आवडतो, कारण तो स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही. सत्यान्वेषी म्हणवतो."

मी म्हणालो, "तुला ठाऊक आहे का, हे शरदिंदुबाबू मुंबईच्या चित्रपटसृष्टीतलं काम सोडून १९५२ साली पुण्याला येऊन राहिले. त्यानंतरच्या कितीतरी ब्योमकेश-कथा त्यांनी पुण्यातच लिहिल्या. शिवाजीमहाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोरावर त्यांनी बंगाली मुलांसाठी गोष्टीसुद्धा लिहिल्या."

मला वाटले, ती खूश होईल. ती रागावली. "म्हणजे पुण्यात बसून कलकत्त्याच्या गोष्टी लिहून झाल्या, बंगाली मुलांना मराठी हीरो मिळाला, आणि आम्हाला काय? फेणे दादाच्या वयाचा..." (दादा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, घरी त्याला असेच म्हणतात.) "...आणि शिरवळकरांचे सगळे मोठे. माझ्या वयाची मुलगी त्या जुन्या पुस्तकांत एक तर खुर्चीला बांधलेली असते, नाहीतर मुखपृष्ठावर पिस्तूल घेऊन उभी असते. विचार करणारी कुठे आहे?"

ह्या प्रश्नावर मी आणखी वडे मागवले.

नंतर मुलांनीच एक उद्योग काढला. चांगल्या रहस्यकथेचे नियम लिहून काढायचे. भांडत-भांडत असे ठरले : गुन्हेगार शेवटच्या दहा पानांत उपटता कामा नये, तो आधीपासून गोष्टीत हवा, पुरावा वाचकापासून लपवायचा नाही, योगायोगाने चोर सापडला तर लेखकाला शून्य गुण, भुयार फार तर एक. यादी पुरी झाल्यावर मी कपाटातून एक जुने इंग्रजी पुस्तक काढले. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने, जो स्वतः रहस्यकथा लिहीत असे, १९२९ साली ह्याच विषयावर दहा नियम केले होते. वाचून दाखवले. गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीलाच भेटला पाहिजे, सापडलेला प्रत्येक पुरावा वाचकाला दाखवला पाहिजे, योगायोगाची मदत घ्यावयाची नाही, आणि होय, गुप्त खोली किंवा भुयार एकाहून अधिक चालणार नाही! मुले आनंदाने ओरडली. गुप्तहेराच्या मित्राची बुद्धी सामान्य वाचकापेक्षा किंचित कमी असावी, हा नियम ऐकून सर्वांनी एकदम माझ्याकडे का पाहिले, हे मात्र मला कळले नाही.

आता त्या भगिनींच्या भीतीकडे वळतो. खुनाच्या गोष्टी वाचून मूल बिघडते काय? हा प्रश्न मी मुलांनाच विचारला. बारावीतला थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, पुस्तकातला खून मला चालतो. पण खऱ्या खुनांवरच्या ज्या मालिका येतात, त्या मी बघत नाही. ते कोणाचे तरी आईवडील असतात."

त्याला ठाऊक नसेल, पण माझ्या पिढीच्या पुणेकराला हे वाक्य लागते. १९७६-७७ साली ह्या शहरात एकामागून एक घरांत शिरून जे हत्याकांड झाले, त्या दिवसांत संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडत आणि दारावर थाप पडली की घरातली माणसे एकमेकांकडे पाहत. पुढे पकडले गेले ते कॉलेजात शिकणारे तरुण निघाले. त्या दिवसांत माझ्या हातून रहस्यकथा सुटली होती. पुस्तकातल्या खुनाला उत्तर असते, म्हणून आपण तो वाचू शकतो. खऱ्या खुनाला उत्तर सापडले तरी गेलेले माणूस परत येत नाही. एवढा भेद ज्या मुलाला कळतो, त्याची काळजी मी तरी करणार नाही.

समारोप म्हणून मी माझे नेहमीचे, सभेत टाळ्या घेणारे वाक्य टाकले : "रहस्यकथा ही वाचनाची पहिली पायरी आहे. तिच्यावरून पुढे मोठ्या साहित्याकडे जायचं असतं."

नात म्हणाली, "आजोबा, पायरी का? गेल्या दिवाळीत ती पायरी होती का?"

मी गप्प बसलो. ते का, हे आता सांगावयासच हवे.

गेल्या वर्षी धनत्रयोदशीला पूजेसाठी दागिने काढले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींच्या मोत्याच्या कुड्या डब्यात नव्हत्या. त्यांच्या आईच्या कुड्या. पैशात फार नसतील, पण ती बाई गेली त्याला तीस वर्षे झाली आणि एवढीच तिची खूण घरात आहे. कपाटे उलटीपालटी झाली. सौ. पुनःपुन्हा एकच सांगत होत्या, "मी ह्याच डब्यात ठेवल्या होत्या." मग ती एक शांतता पसरली, जी वाचकांपैकी पुष्कळांच्या घरांत कधी ना कधी पसरली असेल. कोणी काही बोलत नाही आणि सर्वांच्या मनात एकच नाव येते.

आमच्याकडे अकरा वर्षे कामाला येणाऱ्या मावशी आहेत. ते नाव उघडपणे कोणी उच्चारले? मी उच्चारले. म्हणालो, "गेल्याच आठवड्यात त्यांनी उचल मागितली होती, नाही का?" एवढे बोलून मी फोन हातात घेतला. त्यांना जरा बोलावून, रागावून नव्हे, सहज विचारावे, असा माझा विचार होता. आपण असे 'सहज' विचारतो, तेव्हा समोरच्या माणसाला ते किती सहज वाटते, हा विचार मी केला नव्हता.

नातीने फोनवर हात ठेवला. "आजोबा, थांबा. हे फार सोपं झालं. मोलकरणीवर पहिला संशय आणि तिला पैशांची गरज. ही तर लेखकाने वाचकाला चुकवण्यासाठी ठेवलेली खूण असते. चांगल्या गोष्टीत ती चोर कधीच नसते."

मी चिडून म्हणालो, "ही गोष्ट नाही."

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "गोष्टीत चुकलं तर पुढच्या पानावर दुरुस्त करता येतं."

मग तिने आजीला समोर बसवले आणि प्रश्न विचारू लागली. कुड्या डब्यात ठेवताना आठवतात, की ठेवल्या असतील असे वाटते? शेवटच्या कानात कधी होत्या? कोजागरीला होत्या, मोबाइलमध्ये त्या रात्रीचा फोटो निघाला, कानात कुड्या स्पष्ट. धाकटा कंदील करत होता, तो आठवड्यानंतरचा फोटो निघाला. आजीच्या कानात रोजची सोन्याची फुले. म्हणजे कुड्या ह्या आठवड्यात उतरल्या. ह्या आठवड्यात आजी, तू काय काय केलंस? मंडई, भिशी, एक बारसे... आणि मान दुखत होती म्हणून एक्स-रे.

"एक्स-रे काढताना कानातलं काढायला लावतात," नात म्हणाली.

कपाटावर एक्स-रेचा तो मोठा पिवळा लिफाफा होता. तो उलटा केला, तेव्हा त्यातून कागदाची एक पुडी जमिनीवर पडली.

सौ. रडल्या. धाकट्याने "ट्टॉक!" केले. मी फोन जागेवर ठेवला. तो इतका वेळ माझ्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशीला मावशी नेहमीसारख्या आल्या. सौ. कुड्या घालून बसल्या होत्या. मावशींनी हात पुसले, जवळ येऊन पाहिले आणि म्हणाल्या, "वहिनी, आईंच्या कुड्या ना ह्या? ह्या घातल्या की तुमचा चेहरा अगदी उजळतो." मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. त्या सकाळी मी त्यातली एकही ओळ वाचली नाही. मागितलेली उचल त्यांना त्याच दिवशी दिली, आणि ती उचल म्हणून मांडून ठेवली नाही. पण त्याने माझ्या मनातला हिशेब मिटला असे म्हणवत नाही.

तेव्हा बाई, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे असे आहे. तुमच्या मुलाला वाचू द्या. अभ्यासाच्या वेळी अभ्यास, हे तुम्ही सांगालच. आमच्या वडिलांनीही सांगितले. पण ही पुस्तके त्याच्या डोक्यात काय घालतात, ते एकदा जवळ बसून पाहा. आपल्या संस्कारांच्या पुस्तकांत आपण मुलांना 'विश्वास ठेवा' असे शिकवतो. घरात मात्र ती आपल्याकडून संशय घ्यायला शिकतात, आणि तोही सोयीचा संशय, जो नेहमी जिन्यावरून खाली, गरिबाच्या दाराशी जातो. चांगली रहस्यकथा त्यांना दोन्हींच्या मधले काहीतरी शिकवते : जो पहिल्यांदा चोर वाटतो त्याच्यापाशी थांबू नका, पुरावा पाहा, आणि स्वतःच्या आठवणीचीही उलटतपासणी करा. साठी ओलांडून गेली तरी हे मला येत नव्हते. सोळा वर्षांच्या मुलीला येत होते.

आणि लेखक मंडळींनो, आमच्या नातीचा प्रश्न तुमच्यासाठी तसाच उभा आहे. पुण्यातली, सोळा वर्षांची, विचार करणारी मुलगी कोणी लिहिणार आहे काय? ती कशी असते हे पाहावयाचे असेल, तर आमच्याकडे फराळाला या.

ह्या दिवाळीत माझ्यासाठी नातीने फेलूदाचे एक पुस्तक बाजूला काढून ठेवले आहे. दोन दिवसांत परत करायचे, उशीर झाल्यास दंड, अशी अट आहे. घराणे दंड भरणाऱ्यांचे आहे, हे तिला अजून ठाऊक नाही.

सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची जावो.